मोडले तरी पुन्हा लागणारे

जबलपूरहून भेडाघाटला जाताना वाटेत मीरगंज लागते. धुआंधार आणि संगमरवरी कडे बघायला निघालेल्यांनी तिथे थांबावे असे काही नाही, पण नर्मदा जिलेटिन्सचा कारखाना तिथेच आहे, आणि तो काही आजकालचा नाही. हाडांपासून जिलेटिन काढण्याची रीत जुनी. हाडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मुरवायची. खनिज विरघळून गेले की हाडाचाच आकार राखून असलेला मऊ, वाकणारा ओसीन उरतो. तो चुन्यात आठवड्यामागून आठवडे ठेवायचा, धुवायचा आणि मग कोमट ते गरम अशा पाण्यांत पायरीपायरीने उतरवून घ्यायचा. वाळवला की जिलेटिन. कॅप्सूलच्या कवचापासून फोटोच्या जुन्या फिल्मपर्यंत ते सगळीकडे पोचले.

जिलेटिनची प्रत ठरते ती मुख्यतः एका परीक्षेवर. ६.६७ टक्के द्रावण १० अंश सेल्सियसला १६ ते १८ तास ठेवून घट्ट लावायचे आणि १२.७ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या त्यात चार मिलिमीटर रुतवायला किती ग्रॅम भार लागतो ते मोजायचे. त्या आकड्याला ब्लूम म्हणतात, कारण हे यंत्र ऑस्कर ब्लूम या अमेरिकनाने केले. १९२५ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. अमिनो आम्लांपासून बनलेले जेल दाबायचे आणि ते काय उत्तर देते ते लिहून ठेवायचे, हा उद्योग प्रयोगशाळांआधी बाजाराने सुरू केला, तो असा.

पण ब्लूमची परीक्षा चार मिलिमीटरवर थांबते. पुढे दाबत गेलो तर जेल कुठे फुटते, फुटलेले पुन्हा जुळते का, आणि जुळले तर पूर्वीइतके घट्ट होते का, हे जिलेटिनच्या व्यापाऱ्याला विचारायचे कारण पडत नाही. गेली पंचवीस-तीस वर्षे रसायनशास्त्रज्ञांचा एक मोठा वर्ग नेमके हेच विचारतो आहे. त्यांना मिळालेली उत्तरे कुठे पक्की आहेत आणि कुठे नुसतीच छापलेली आहेत, ते इथे बघायचे आहे.

आधी जिलेटिनचेच बघू. ते म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या सुट्या झालेल्या साखळ्या. कोलॅजनच्या साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसीन असते आणि अशा तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ च्या सुमारास मांडले. गरम पाण्यात पीळ सुटतो. पाणी निवले की साखळ्या जागोजागी पुन्हा थोडा थोडा पीळ घेतात आणि त्या गाठींच्या जाळ्यात पाणी अडकून बसते. अशा जेलाचे सुरीने दोन तुकडे केले तर गार जागी ते दोनच राहतात. जोडायचे तर वितळवा आणि पुन्हा लावा. जिलेटिनला उष्णतेची भाषा कळते. ताणापुढे ते आधी झुकते आणि मग फुटते, एवढेच.

घरातले पदार्थही असे दोन जातींचे असतात. कवडीदार दही चमच्याने मोडले की मोडले. रात्रभर ठेवले तरी कवडी परत जमत नाही. मेंदीच्या कोनाचे तसे नाही. दाब दिला की सुबक धार येते आणि हातावर पडताच ती जागच्या जागी थबकते, ओघळत नाही. टूथपेस्ट, भिंतीचा रंग, टोमॅटो केचप ही मंडळी मेंदीच्या गोत्रातली. त्यांतही एक पोटभेद आहे. ताण काढताच लगेच पूर्ववत होणारे वेगळे आणि पूर्ववत व्हायला वेळ घेणारे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला थिक्सोट्रॉपी हे नाव आहे. ग्रीकमध्ये स्पर्श आणि पालट या अर्थांचे दोन शब्द जोडून ते केले. कित्येक निबंधांत हे दोन प्रकार एकाच पिशवीत भरलेले दिसतात, आणि मग निष्कर्षही तसेच भोंगळ निघतात.

थिक्सोट्रॉपीचा शोध अमिनो आम्लांत लागला नाही. बर्लिनमध्ये शालेक आणि सेगवारी यांनी १९२३ मध्ये लोहाच्या ऑक्साइडचे एक जेल पाहिले, जे हलवले की पातळ होई आणि ठेवले की घट्ट. त्या विषयाला शास्त्राचे रूप दिले हर्बर्ट फ्रॉयंडलिश यांनी. हिटलर आल्यावर ते जर्मनी सोडून लंडनला गेले आणि १९३८ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात. त्याच विद्यापीठात रॉस गॉर्टनर हे जीवरसायनतज्ज्ञ होते. १९२१ मध्ये गॉर्टनर आणि हॉफमन यांनी सिस्टीन या अमिनो आम्लाला दोन बेंझॉइल गट जोडून केलेल्या एका साध्या रेणूची नोंद केली होती: हा रेणू पाण्यात अगदी चिमूटभर असला तरी सगळे पाणी थिजवतो. जिलेटिनसारखी लांबलचक साखळी नाही, एकच छोटा रेणू, आणि भांडे उलटे केले तरी पाणी सांडत नाही. म्हणजे एकाकडे ताणाला उत्तर देणाऱ्या जेलाची कल्पना होती, दुसऱ्याकडे अमिनो आम्लाचे जेल, आणि दोघांचा पत्ता अखेर एकच झाला. तरी या दोन गोष्टी एकत्र यायला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गेला. गॉर्टनरचा रेणू विस्मरणात पडला होता. २००० साली अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात मेंगर आणि कॅरन यांनी त्याची आणि त्याच्या भावंडांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आला.

छोटा रेणू पाणी कसे धरतो? अमिनो आम्लाच्या एका टोकाला पाणी आवडते. दुसऱ्या टोकाला पाण्याचा कंटाळा असणारा एखादा चपटा, वलयाचा गट जोडला की रेणू पेचात पडतो: विरघळावे की साका होऊन बसावे. तो मधली वाट काढतो. रेणू एकावर एक चकत्यांसारखे चढत जातात, मधले हायड्रोजन बंध त्यांना ओळीत ठेवतात, ओळीचा तंतू होतो आणि तंतूंची गुंतवळ. त्या गुंतवळीत नव्याण्णव टक्के पाणी मावते. यातला कुठलाही बंध एकेकटा पाहिला तर कमजोर. मात्र संख्या अफाट. सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. रबराच्या जाळ्यातला मजबूत बंध तुटला की तुटला, तो आपोआप परत बसत नाही. कमजोर बंध तुटतो सहज आणि बसतोही सहज. म्हणून मोडून पुन्हा लागायचे असेल तर जेल मुळात कमजोर गोष्टींचे बनलेले असावे लागते.

या कामासाठी सर्वांत लाडका गट म्हणजे एफमॉक. लुई कार्पिनो यांनी १९७० मध्ये तो पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, जोडताना अमिनो टोक झाकून ठेवण्यासाठी आणला होता. काम झाले की काढून टाकायचे झाकण. तेच झाकण न काढता ठेवले तर अमिनो आम्ल पाणी थिजवते, हे पुढे ध्यानात आले. फेनिलॲलानीनच्या जोडीला एफमॉक लावलेला रेणू तर या क्षेत्रातली प्रयोगशाळेची पांढरी उंदरीण आहे. ज्याला काही नवे करायचे तो आधी तिच्यावर करतो. २००६ मध्ये इस्राएलमधील एहुद गाझित यांचा गट आणि ब्रिटनमधील राइन उलैन यांचा गट अशा दोघांनीही तिचे जेल वेगवेगळे प्रसिद्ध केले.

आता एक गोष्ट अशी, जी मराठी घरात समजावून सांगायला दोन वाक्ये पुरतात आणि शास्त्रीय मासिकांना बरीच वर्षे लागली. गरम दुधात लिंबू पिळले तर दूध फाटते. विरजण लावले तर दही लागते. आम्ल दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की लिंबाचे आम्ल एकदम येते आणि विरजणाचे सावकाश, सगळीकडे सारखे. एफमॉकच्या रेणूंचेही तसेच. क्षारात विरघळवलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की गुठळ्या होतात. डेव्ह ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याऐवजी ग्लुकोनोडेल्टालॅक्टोन वापरले. हा पदार्थ टोफू लावायलाही वापरतात आणि पाण्यात तो हळूहळू आम्ल होत जातो. जेल एकसारखे लागले आणि दोन प्रयोगांचे आकडे प्रथमच एकमेकांशी जुळू लागले. यातून निघालेला धडा मला या साऱ्या आढाव्यात सर्वांत मोलाचा वाटतो: ताणाला जेल कसे उत्तर देईल हे फक्त रेणूवर ठरत नाही, ते कसे लावले यावर ठरते. तोच रेणू, तेवढेच पाणी. पण आम्लाने सावकाश लावला तर लांब तंतूंचे सलग जाळे होते, जे बऱ्यापैकी घट्ट असते पण मोडल्यावर सहसा सावरत नाही. दुसऱ्या द्रावकातून पाण्यात आणून लावला तर तंतूंचे गोल गोल पुंजके होतात. ताण दिला की पुंजके एकमेकांपासून सुटतात, आतून शाबूत राहतात आणि ताण काढला की पुन्हा एकमेकांना टेकतात. असे जेल अनेकदा चांगले परतते.

सुटे पुंजके पुन्हा टेकतात हीच युक्ती डेलावेअर विद्यापीठात जोएल श्नायडर आणि डॅरिन पोचन यांच्या जेलांत फार सुरेख दिसली. २००२ मधला त्यांचा मॅक्स-१ हा पेप्टाइड वीस अमिनो आम्लांचा आहे, व्हॅलीन आणि लायसीन आलटून पालटून, मध्ये एक वळण. केसाच्या पिनेसारखा दुमडतो आणि मग तंतू करतो. पुढे त्यातले एकच लायसीन बदलून ग्लुटामिक आम्ल घातले आणि मॅक्स-८ झाला, जो भराभर लागतो. इतका, की त्यात मिसळलेल्या जिवंत पेशी तळाला बसायच्या आत जेल घट्ट होते. हे जेल सिरिंजमध्ये भरून दाबले तर सुईतून वाहते आणि बाहेर पडताच पुन्हा घट्ट. वाहताना आत काय होते हेही त्यांनी तपासले. सुईच्या भिंतीलगतचा पातळ थरच तेवढा मोडतो. मधला गाभा न मोडता अख्खा पुढे सरकतो, भुयारातून आगगाडी जावी तसा. म्हणून मधल्या पेशींना ताण जवळपास जाणवतच नाही.

याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने आलेले काम मात्र आपल्या पुण्यातून सुरू होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ संचालक होते. तिथे आशिष लेले आणि इतरांसोबत पाण्याने फुगणाऱ्या, परिस्थितीनुसार वागणाऱ्या जेलांचे काम उभे राहिले. शायनी वर्गीस यांनी डॉक्टरेट तिथेच केली. धातूच्या आयनांच्या मदतीने तुटलेले जेल सांधता येते, असा त्या तिघांचा निबंध २००६ चा आहे. पुढे वर्गीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत गेल्या आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात झपाट्याने सांधणाऱ्या जेलाचा निबंध आला. लेखकांच्या यादीत पहिले नाव अमेय फडके यांचे आहे, मध्ये माशेलकर आणि लेले, शेवटी वर्गीस.

या जेलाचा कणा नेहमीच्या ॲक्रिलिक साखळीचा आहे, पण प्रत्येक कडीला एक लोंबती शेपटी आहे आणि ती शेपटी एका अमिनो आम्लाची: ६-अमिनोकॅप्रोइक आम्ल. प्रथिनांत सापडणाऱ्या वीसांतले हे नव्हे. नायलॉन-६ ची कडी हीच. रक्तस्राव थांबवायला डॉक्टर देतात ते औषधही हेच. कॅप्रोइक हा शब्द बकरीच्या लॅटिन नावावरून आला, कारण ते मूळ आम्ल बकरीच्या दुधात असते आणि त्याला बोकडाची दर्पी आहे. नायलॉन, औषध आणि बोकड यांना जोडणाऱ्या या रेणूच्या टोकाला आम्लाचा गट असतो, मध्ये पाण्याला टाळणारा पाच कार्बनांचा दांडा. जेल कापा, दोन्ही कापांवर या शेपट्या बोटांसारख्या बाहेर आलेल्या असतात. काप आम्लधर्मी पाण्यात एकमेकांना लावले की समोरासमोरची बोटे हायड्रोजन बंधांनी एकमेकांत गुंततात. काही सेकंदांत. सांधा मग ताणला तरी टिकतो. पाणी क्षारधर्मी केले की टोकांवर ऋण भार येतो, बोटे एकमेकांना दूर लोटतात आणि सांधा उकलतो. दांड्याची लांबी मात्र अचूक लागते. आखूड केला तर बोटे समोरच्यापर्यंत पोचत नाहीत. फार लांब केला तर पाणी टाळण्यासाठी शेपट्या आपसांतच गोळा होऊन बसतात. या निबंधाची खरी कमाई मला ही वाटते. सांधणारे जेल मिळाले, याहून ते का सांधते हे लांबी बदलून दाखवले, हे मोठे.

आणि मर्यादाही तिथेच लिहिलेली आहे. हा सांधा पीएच तीन किंवा त्याखाली बसतो. जठरात ते चालते, म्हणून लेखकांनी जठराच्या अस्तराला चिकटवण्याचा आणि आम्लाच्या गळत्या भांड्याला बूच मारण्याचा प्रयोग केला. पण रक्ताचा पीएच ७.४ असतो. वृत्तपत्रांत असल्या जेलाला जखम भरणारा चमत्कार म्हणून सांगितले जाते तेव्हा हा एक आकडा गाळलेला असतो.

माशेलकरांचे गाव गोव्यातले माशेल. तिकडच्या खडकांना लाटांच्या माऱ्यात घट्ट धरून बसणाऱ्या शिनाण्यांकडेही या विषयाचा एक धागा जातो. शिनाणे ज्या प्रथिनाने चिकटते त्यात डोपा हे अमिनो आम्ल भरपूर असते, हे हर्बर्ट वेट यांनी १९८१ मध्ये दाखवले. हेच डोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांत असते आणि पार्किन्सनच्या रुग्णांना दिले जाते. २०११ मध्ये होल्टन-अँडरसन, वेट आणि सहकाऱ्यांनी डोपासारखे गट आणि लोह यांचे जेल केले; ते फाडले तर काही मिनिटांत जुळते, आणि तेही क्षारधर्मी पीएचला. वर्गीस यांच्या जेलाला जिथे जमत नाही तिथे याला जमते आणि उलटही.

सारीच जेल ताणाने मोडतात असेही नाही. ताक घुसळले की लोणी वर येते, तसे ढवळण्याने घट्ट होणारेही रेणू आहेत. जपानमध्ये नाओता यांच्या गटाने पॅलेडियम धरलेल्या पेप्टाइडांचे द्रावण अल्ट्रासाउंडने थोडा वेळ हादरवले, आणि ते थिजले. हे २००७ चे काम. गंमत म्हणून फार चांगले. उपयोग अजून फारसा सापडलेला नाही.

आता जबलपूरकडे. पचपेढीतल्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात, जे जुन्या रॉबर्टसन कॉलेजच्या घराण्यातले, ए. के. बाजपेयी यांची बोस मेमोरियल प्रयोगशाळा आणि एस. के. बाजपेयी यांची पॉलिमर प्रयोगशाळा यांनी हायड्रोजेलांवर वर्षानुवर्षे काम केले. ए. के. बाजपेयी, शुक्ला, भानू आणि कांकणे यांचा औषध नियंत्रित सोडणाऱ्या, परिस्थितीला उत्तर देणाऱ्या पॉलिमरांवरचा दीर्घ आढावा २००८ मध्ये प्रोग्रेस इन पॉलिमर सायन्स या मासिकात आला. या विषयात जगभर जे मूळ संदर्भ म्हणून उघडले जातात, त्यांत तो आहे. एस. के. बाजपेयी यांनी कॅल्शियम आणि बेरियमने बांधलेल्या अल्जिनेटच्या मण्यांच्या फुगण्यावर आणि विरघळण्यावर केलेले २००४ चे कामही पुष्कळांनी पुढे वापरले. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी कॉलेजातून हे झाले आहे, याचे कौतुक आपल्याकडे कमीच होते.

इथे एक निरीक्षण. जेल फुगते किती हे बघायला तराजू लागतो, पाणी लागते आणि धीर लागतो. जेल ताणाला काय उत्तर देते हे बघायला रिओमीटर लागतो, आणि त्याची किंमत लाखांत जाते. छोट्या गावांतले संशोधन फुगण्याकडे वळले आणि ताणाचे काम कोलकात्याच्या इंडियन असोसिएशनमध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, आयआयटींमध्ये एकवटले, याचे कारण बऱ्याच अंशी इतके साधे असावे. कोलकात्याला अरिंदम बॅनर्जी यांचा गट आणि आपल्याच मध्य प्रदेशात इंदूरच्या आयआयटीत अपूर्व दास यांचा गट अमिनो आम्ल आणि पेप्टाइडांच्या जेलांवर सातत्याने लिहीत आला आहे. बंगळूरला शंतनु भट्टाचार्य यांनी २००१ मध्ये ॲलानीनला बारा कार्बनांची शेपटी लावून तेल-पाण्याच्या मिश्रणातले फक्त तेल थिजवून दाखवले. समुद्रात सांडलेले तेल उचलायला याचा उपयोग व्हावा, अशी त्यामागची आशा होती.

बाजारात पोचलेली उदाहरणे मात्र हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. जपानच्या आजिनोमोतोने ग्लुटामिक आम्लापासून केलेला तेल थिजवणारा पदार्थ सौंदर्यप्रसाधनांच्या कांड्यांत जातो. एमआयटीत शुगुआंग झांग यांच्या कामातून आलेला राडा-१६ हा सोळा अमिनो आम्लांचा पेप्टाइड प्युरास्टॅट या नावाने युरोपात २०१४ पासून आणि अमेरिकेत २०२१ पासून एंडोस्कोपीतला रक्तस्राव थांबवायला मान्य आहे. नळीतून पातळ जातो आणि रक्ताशी गाठ पडली की घट्ट होतो. एवढे मोठे निबंधांचे रान आणि वॉर्डपर्यंत पोचलेली झाडे ही एवढीच.

असे का, याला माझे उत्तर मोजमापात आहे. नेहमीची चाचणी अशी: रिओमीटरमध्ये जेलाला ०.१ टक्का ताण द्यायचा, मग एकदम १०० टक्के, मग पुन्हा ०.१, आणि घट्टपणा किती परतला ते काढायचे. तीन-चार फेऱ्या झाल्या की आलेख छापायचा आणि वर लिहायचे: आपोआप सांधणारे, इंजेक्शनयोग्य. पण सुईतला घसरण्याचा वेग या चाचणीतल्या वेगाच्या शेकडो पट असतो. शिवाय छोट्या रेणूंची जेल मुळात टिकाऊ अवस्था नव्हेच. ठेवलेल्या दह्यासारखी ती पाणी सोडतात, कधी स्फटिक होऊन बसतात, आणि एखादा धक्का त्याला निमित्त होतो. कालचे जेल आणि महिन्याचे जेल एकच उत्तर देत नाही. कोणता रेणू जेल करील हे आधी सांगता येत नाही, ही कबुलीही या क्षेत्रातले प्रामाणिक लोक देतात. बहुतेक रेणू अजून योगायोगानेच सापडतात.

तेव्हा विज्ञान शाखेचा कोणी विद्यार्थी हे वाचत असेल तर त्याला एक सुचवतो. असल्या जेलाचा निबंध हातात आला की तीन आकडे शोधावेत: किती ताणावर मोडले, किती वेळात किती टक्के परतले, आणि कितव्या खेपेला परतेनासे झाले. पहिले दोन बहुधा असतात. तिसरा क्वचितच छापलेला असतो.